इस्पिक एक्का

पहिला दिवस, गुरुवार

मिरज सुटलं की मी बर्थवरून उतरून दारात जाऊन उभा राहतो. लहानपणी आईचा हात धरून उभा राहायचो, आता दांडा धरून. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, मग पंचगंगेचा पूल. महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापूरच्या जवळ येते तेव्हा नुकतं उजाडलेलं असतं. नोव्हेंबर संपत आला होता, उसाच्या फडांवर धुकं होतं आणि गुऱ्हाळांचा वास थेट डब्यात येत होता.

आठवड्यापूर्वी मामांचा फोन आला होता. "घर उतरवतोय. बाबांची ट्रंक माळ्यावरनं खाली काढलीय. तुझ्या कामाचं काय आसंल ते घिऊन जा, न्हाईतर भंगारवाला न्हेईल." मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

मी एकतीस वर्षं व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होतो. शेवटची बारा वर्षं मोटारी वाहून नेणाऱ्या जहाजांवर गेली. जहाजाचं दार उघडतं, उतरता फळा धक्क्यावर टेकतो आणि पोटातून शेकडो गाड्या आपल्याच चाकांवर बाहेर पडतात. या जहाजांची आजी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं एलएसटी, रणगाडे थेट वाळूवर उतरवणारं जहाज. त्यामुळे समुद्रावरून होणाऱ्या चढाया हा माझा जुना ध्यास. १९९८ साली आमचं जहाज ल हाव्रला लागलं, तेव्हा सुट्टी काढून मी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या आरोमाँशला गेलो होतो. १९४४ च्या जूनमध्ये दोस्त राष्ट्रांनी तिथे तरंगतं बंदर ओढत आणून उभं केलं. त्याचे काँक्रीटचे प्रचंड ठोकळे अजून समुद्रात उभे आहेत. ओहोटीला मी त्यांच्यापर्यंत चालत गेलो, हात लावला. आणि तिथेच मनात आलं की माझे आजोबा, आईचे वडील, हेही फौजेत ड्रायव्हर होते. तेही असेच कुठल्या तरी किनाऱ्यावर ट्रक घेऊन उतरले होते. नॉर्मंडीच्या किनाऱ्यांची नावं मला पाठ, आणि आजोबा कुठे उतरले ते मी कधी विचारलं नव्हतं. मी बारा वर्षांचा असताना ते गेले. घरात एवढंच म्हणत, "बर्मात हुते, मलायात हुते."

स्टेशनवर मामेभाऊ आला होता. गावी जायचं शनिवारी ठरलं होतं, तोवर त्याच्याकडे मुक्काम. मिसळ खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "दादा, कोल्हापुरात समुद्राचं काय बघणार तू?" मी म्हटलं, अरे, कोल्हापूरला समुद्र नाही हे १८१२ नंतरचं. त्या साली इंग्रजांशी तह होऊन मालवण गेलं. तोवर सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांचा होता, आरमार होतं. त्याच्याही आधी, १६६५ मध्ये, खुद्द शिवाजी महाराज गलबतांचा ताफा घेऊन मालवणहून बसरूरवर गेले. समुद्रातून जाऊन शत्रूच्या दारात उतरायचं, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसलो. त्याचा मुलगा अकरावीत आहे, सायन्सला. त्याने नेमका प्रश्न विचारला, "काका, जहाज मुद्दाम वाळूत घातलं तर रुतून बसत नाही का?"

याचं उत्तर द्यायला मला फार आवडतं. एलएसटीचा तळ ताटासारखा चपटा. साधारण शंभर मीटर लांबीचं जहाज, पण भर समुद्रात असा तळ घेऊन गेलात तर लाटा त्याला नाचवतील. म्हणून पोटातल्या टाक्यांत समुद्राचंच पाणी भरून घ्यायचं, जहाज खोल बसवायचं आणि जायचं. किनारा जवळ आला की तेच पाणी पंपाने बाहेर फेकायचं. जहाज हलकं होऊन वर येतं, नाकाडाखाली जेमतेम मीटरभर पाणी लागतं. वाळूला लागण्याच्या बरंच आधी मागच्या बाजूने नांगर सोडायचा आणि त्याची तार उलगडत पुढे जायचं. नाक वाळूत घुसलं की दारं उघडायची, फळा पडतो, रणगाडे आणि ट्रक बाहेर. सगळं उतरलं की मागच्या नांगराची तार यंत्राने ओढायची आणि भरतीच्या पाण्यावर जहाजाने स्वतःला मागे खेचून घ्यायचं.

"म्हणजे विहिरीत दोर सोडत उतरायचं आणि त्याच दोराला धरून वर यायचं," पोरगं म्हणालं. मी तीस वर्षांत याहून चांगलं सांगू शकलो नव्हतो.

मग मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला स्वतःला सगळ्यात मोठी वाटते. अमेरिकेत अशी हजारावर जहाजं बांधली गेली, आणि त्यातली कितीतरी समुद्रापासून शेकडो मैल आत, इलिनॉय आणि इंडियानात, मक्याच्या शेतांच्या मुलखात नदीकाठी उभारलेल्या कारखान्यांत. बांधणारे बरेचसे शेतकरी, मिस्त्री, बायका. त्यांतल्या अनेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. जहाजं नदीतून मिसिसिपीत आणि तिथून समुद्रात गेली. ११ जून १९४४ पर्यंत नॉर्मंडीच्या वाळूवर सव्वातीन लाखांवर सैनिक आणि चोपन्न हजारांवर वाहनं उतरली होती, ती अशा जहाजांच्या जिवावर. शिरोळ तालुक्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा मलायाच्या किनाऱ्यावर ट्रक उतरवतो, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी महावीर उद्यानात गेलो. तिथे एक स्मारकस्तंभ आहे, कोल्हापुरात राहून गेलेल्या पोलंडच्या लोकांनी १९९८ मध्ये उभारलेला. फिरायला येणारे त्याच्या बाजूने जातात. मी थोडा वेळ समोर उभा राहिलो, मग मामेभावाच्या स्कूटरवरून गांधीनगरला निघालो.

आज गांधीनगर म्हणजे कापडाचा घाऊक बाजार. लग्नसराई तोंडावर, टेम्पोतून गठ्ठे उतरत होते, रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. याच जागी १९४३ ते १९४८ वळीवड्याची पोलिश छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. १९४० मध्ये रशियनांनी त्यांना घरातून उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. सुटका झाल्यावर कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथून जहाजाने कराची आणि मग रेल्वेने वळीवडे. इथे त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारलं, नाटकं केली. युद्ध संपल्यावर ते गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. एका उसाच्या माळावर लागोपाठ दोन वेळा घरदार गमावलेली माणसं येऊन राहिली, आणि दोन्ही वेळा या भागाने त्यांना सामावून घेतलं. कोल्हापूरकर म्हणून मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

या बायकांचे नवरे, भाऊ, मोठी मुलं कुठे होती? बरीचशी जनरल अँडर्स यांच्या पोलिश फौजेत, इटलीत. ११ मे १९४४ च्या रात्री तिथल्या माँते कॅसिनोच्या आघाडीवर मोठा हल्ला सुरू झाला. डोंगरावरच्या मठाकडे पोलिश सैनिक चढत होते आणि खाली गारी नदी आपली आठवी इंडियन डिव्हिजन ओलांडत होती. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणही होती. १८ मे रोजी मठावर पोलंडचा झेंडा लागला. पुढे तीन आठवड्यांनी नॉर्मंडीची चढाई झाली. त्या आरमारात पोलिश युद्धनौका होत्या, आणि ऑगस्टमध्ये पोलिश रणगाडे डिव्हिजनही तिथे लढायला उतरली.

वळीवड्याच्या छोट्या स्टेशनात बाकावर बसून मी याच गोष्टीचा विचार करत होतो. त्या उन्हाळ्यात पोस्टमन इथे पूर्व पोलंडकडच्या बायकांना फौजेची पत्रं देत असेल आणि तसाच दुसरा पोस्टमन आमच्या गावात माझ्या आजीला फील्ड पोस्टाचं पत्र देत असेल. मध्ये फार तर चाळीस-पन्नास किलोमीटर. दोघींपैकी कोणीच दुसरीबद्दल ऐकलं नसेल. दोघींच्या पत्रांत सेन्सॉरने काळी फुली मारलेल्या ओळी मात्र सारख्याच.

दुपारी पाऊस नसताना पाऊस आल्यासारखं अंधारून आलं, म्हणून लवकर परतलो.

तिसरा दिवस, शनिवार

सकाळच्या एसटीने कुरुंदवाड. नरसोबावाडीला संगमावर क्षणभर उतरावंसं वाटत होतं, पण ट्रंक डोळ्यांसमोर होती. कुरुंदवाडहून मामांच्या शेजाऱ्याच्या जीपने गावात.

घराची निम्मी कौलं उतरवलेली. मामा ऐंशीचे आहेत, उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मी वाकून नमस्कार केला.

"आलास? दम घे आदी. मामी, च्या टाक गं," आणि मग लगेच, "ती बघ, पडवीत ठेवलीय."

काळी पत्र्याची ट्रंक. कडेला तांबूस रेघ होती, आतूनही आणि बाहेरूनही, जमिनीपासून वीतभर. "एकोणीसचा पूर," मामा म्हणाले. ऑगस्ट २०१९. कृष्णा-पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा मामा-मामी माळ्यावर चढले होते आणि ट्रंक खाली राहिली. दुसऱ्या दिवशी नौदलाचे जवान रबरी बोट घेऊन दारात आले. "डांबरी सडकंवरनं ट्रकात बोटी आणलेल्या बघ त्येनी. मी म्हणलं, बाबा समुद्रात ट्रक घिऊन गेलं आनि ही पोरं ट्रकात समुद्र घिऊन आली." मामी बोटीत बसायला तयार नव्हत्या. मामा म्हणाले, ट्रंक घेतली तर येतो. जवानाने काही न बोलता ती उचलून बोटीत ठेवली.

झाकण उघडलं. वर आजीचं एक इरकली लुगडं. खाली एक पितळी डबा, बर्मा स्टारचं पदक, त्याची निळी-लाल-नारिंगी फीत जवळजवळ पांढरी झालेली. पुराने एकमेकांना चिकटलेल्या पत्रांचा एक ठोकळा, तो आता कोणालाच उलगडता येणार नाही. आणि तळाशी, कापडात गुंडाळलेला, हिरव्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा. त्याच्यावर काळा इस्पिक एक्का शिवलेला.

"ह्येच्यापायी लई भांडणं झाली आमच्या घरात," मामा म्हणाले. आजीला वाटायचं, नवरा फौजेत जाऊन पत्त्यांच्या नादाला लागला. आजोबा सांगायचे, हा पलटणीचा बिल्ला आहे. तिचा विश्वास बसायचा नाही. कुठलं सरकार शिपायाच्या दंडावर पत्ता शिवेल? तिने तो उसवून ट्रंकेच्या तळाशी टाकला, आणि आजोबांनीही पुन्हा काही म्हटलं नाही.

मला मात्र हात लावताच कळलं. हिरव्यावर काळा इस्पिक एक्का हे पंचविसाव्या इंडियन डिव्हिजनचं चिन्ह. आजोबा खरंच सांगत होते. मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मामींना हाक मारून म्हणाले, "ऐकलंस काय? पलटणीचाच हुता." आजीला जाऊन पंचवीस वर्षं झाली.

पंचविसावी डिव्हिजन कळली की बाकीची वाट सापडते. १९४४ च्या अखेरीस बर्मातली ब्रिटिशांची चौदावी आर्मी मंडालेच्या दिशेने निघाली होती आणि तिला रसद विमानातून टाकावी लागत होती. विमानांना जवळचे तळ हवेत, म्हणून बर्माच्या पश्चिमेकडच्या, अराकानच्या किनाऱ्यावरची अक्याब आणि रामरी ही बेटं समुद्रातून जाऊन घ्यायची ठरलं. अडचण एकच, बोटी नाहीत. पूर्वेकडच्या बऱ्याच लँडिंग क्राफ्ट युरोपातल्या मोहिमांसाठी नेल्या होत्या. जे उरलं त्यावर भागवायचं. उतरण्याचा सराव झाला होता कुठे, तर आपल्या खडकवासल्याच्या तलावावरसुद्धा. पुण्याचे लोक भजी खायला जातात तिथे त्या काळी सैनिक चपट्या बोटींतून काठावर उड्या मारायला शिकत होते.

३ जानेवारी १९४५ ला अक्याब घेतलं, गोळी न झाडता, जपानी आधीच निघून गेले होते. १२ जानेवारीला मायेबॉन, तिथे जपानी होते. किनाऱ्यासमोर त्यांनी लाकडी मेढी पुरून ठेवल्या होत्या. आदल्या रात्री काही माणसांनी गुपचूप पोहोचून त्या मेढींना वेळ लावलेली स्फोटकं बांधली आणि बोटींना वाट मोकळी केली. पहिल्या तुकड्या भरतीला उतरल्या. पाणी ओसरलं आणि मागून येणाऱ्यांच्या वाट्याला कंबरभर चिखल आला. ज्याने कोकणातल्या खाडीत ओहोटीला पाय ठेवला आहे त्याला हे सांगायला नको. तिवरांच्या मुळांत अडकलेला पाय बाहेर काढताना चप्पल आतच राहते. तिथे माणसं पाठीवर दारूगोळा घेऊन चालत होती, आणि जीप, तोफा, रणगाडे उतरवायचे होते. वाळूतून नाहीच जमलं, तेव्हा खडकाळ बाजूने सुरुंग लावून वाट फोडली आणि शर्मन रणगाडे वर काढले.

"बाबा त्ये सांगायचं," मामा म्हणाले. "म्हणायचं, हितं बैल रुतला तर चार माणसं काढत्यात. तितं ट्रक रुतला तर समुद्र यायच्या आत काढायचा. न्हाईतर त्यो समुद्राचा."

त्या दिवसांत आपल्या आरमाराच्या 'नर्बदा' आणि 'जमना' या नौका अराकानच्या मोहिमांत तोफा डागत होत्या, आणि भारतीय आरमाराची लँडिंग क्राफ्टची तुकडीही होती. आरमारात तेव्हा कोकणची पोरं पुष्कळ. म्हणजे बोट चालवणारा रत्नागिरीचा आणि बोटीतला ट्रक चालवणारा शिरोळचा, असंही घडलं असेल. त्या चढाईच्या नकाशावर इंग्रज सेनापतींची नावं ठळक असतात. मला ही दोन माणसं दिसतात.

आजोबांना एका गोष्टीचा फार अभिमान होता, असं मामा म्हणाले. "आमच्या डिव्हिजनला कोल्हापूरचा साहेब हुता, थोरात साहेब." हे अगदी खरं. पुढे लेफ्टनंट जनरल झालेले शंकरराव थोरात तेव्हा दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी बटालियन घेऊन याच डिव्हिजनच्या एक्कावन्नाव्या ब्रिगेडमध्ये होते. त्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनचे प्रमुख भारतीय होते: थिमय्या, सेन आणि थोरात. इंग्रजांच्या फौजेत ही साधी गोष्ट नव्हती. हिंदी अधिकाऱ्याला गोऱ्यांच्या बरोबरीने बटालियन मिळावी की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता, आणि त्याचं उत्तर या तिघांनी कांगॉला दिलं.

कांगॉ मायेबॉनच्या पूर्वेला. जपान्यांचा माघारीचा रस्ता तिथून जात होता, तो तोडायचा होता. समोरच्या सोप्या वाटेने न जाता २२ जानेवारीला बोटी खाडीच्या लांबच्या फाट्यातून शिरल्या, दोन्ही बाजूंना तिवरं, आणि कमांडो जिथे कोणी अपेक्षा केली नव्हती तिथे उतरले. त्यांनी १७० नंबरची टेकडी धरली. मागोमाग एक्कावन्नावी ब्रिगेड उतरली. जपान्यांनी पुढचे दिवस त्या चिंचोळ्या जागेवर तोफांचा मारा केला, टेकडीवर हातघाई झाली. रस्त्यावर वचक ठेवणारी दुसरी उंच जागा थोरातांच्या बटालियनने संगिनी लावून चढून घेतली, फार माणसं गमावून. तिघांनाही डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला. थोरातांचं नाव कोल्हापुरात अनेकांना माहीत आहे, पण ते जिथे लढले ती लढाई समुद्रातून उतरून झालेली होती, हे मी इथे फार थोड्यांच्या तोंडून ऐकलं.

जेवणं झाल्यावर पितळी डबा उघडला. आत एक छोटी वही, पाठीशी पेन्सिल अडकवायची कातडी पट्टी. कडा पुराच्या पाण्याने फुगलेल्या. बहुतेक पानांवर पेट्रोलचे आकडे, मैल, गाडी नंबर. एका पानावर चित्र होतं. चपट्या नाकाचा ट्रक, तो कॅनडात बनलेला, त्या काळी आपल्या फौजेत तेच असत, आणि त्याच्या बाजूने वर गेलेलं उंच धुराडं.

"ही गुऱ्हाळाची गाडी," मामा म्हणाले. "ल्हानपनी आमाला वाटायचं, बाबा फौजेत गूळ करायचं."

मी ते पान हातात घेऊन बसूनच राहिलो. ते धुराडं म्हणजे पाण्यातून जाण्यासाठी वर वळवलेली सायलेन्सरची नळी. पानावर वर शिसपेन्सिलीने 'मोरीब' असं लिहिलं होतं. आणि खाली यादी, आजोबांच्या अक्षरात, एकाखाली एक. फ्यानचा पट्टा काढणे. प्लग, कॉइल, वायरी यांस लगदा चोपून भरणे. धुराची नळी टपाच्या वर घेणे. हवेची नळी तशीच. मग पाचव्या आकड्यापुढे निळसर डाग, पुराने अक्षर धुऊन टाकलेलं. सहावं, पाण्यात शिरल्यावर गेर बदलायचा नाही, पाय उचलायचा नाही. सातवं, बाहेर निघताच पट्टा घालणे, लगदा काढणे, इंजिन तापते.

इंजिनच्या खोलीत ज्याने आयुष्य काढलं त्याला या सात ओळी वाचताना काय होतं ते सांगणं कठीण आहे. लगदा म्हणजे ग्रीस, चुना आणि अॅस्बेस्टॉसचे तंतू मळून केलेला, कणकेसारखा. पंखा फिरत राहिला तर पाणी सगळीकडे उडवून इंजिन भिजवतो, म्हणून पट्टा काढायचा. पण पंख्याविना इंजिन तापणार, म्हणून कोरड्यावर येताच तो परत घालायचा, मग वरून गोळ्या का येईनात. गियर बदलताना क्षणभर पाय उचलला की धुराच्या नळीतून पाणी मागे शिरतं आणि गाडी जागच्या जागी मरते. ही सगळी विद्या चौथी शिकलेल्या माणसाने स्वतःच्या शब्दांत उतरवून घेतली होती.

मोरीब मलायाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिथे उतरायची मोठी योजना युद्धासाठीच आखली होती, पण १५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती जाहीर केली. चढाई तरीही झाली, ९ सप्टेंबरला. समोर शत्रू नव्हता, तरी गाड्यांची दैना झाली. वाळू वरून टणक आणि खाली गाळ. ट्रक फळ्यावरून उतरले आणि एकामागून एक रुतले, कित्येकांवरून भरतीचं पाणी गेलं. नकाशे आणि पाहणी सगळं झालेलं असताना. समोर जपानी तोफा असत्या तर त्या दिवशी किती आया-बायकांना तार गेली असती, याचा विचार केला की मला अजूनही पोटात कालवतं. माझी आई १९४७ ची.

"त्येंचा ट्रक रुतला काय?" मामांनी विचारलं. वहीत पुढच्या पानावर फक्त एक ओळ आहे: गाडी बाहेर आली, पट्टा घातला.

चौथा दिवस, रविवार

परतीची गाडी रात्रीची होती. मामा म्हणाले, "सैनिक टाकळीला जाऊन ये. वही घिऊन जा."

टाकळी जवळच, आकिवाटच्या पुढे, तसंच पुढे गेलं की खिद्रापूरचं देऊळ. घरटी एक तरी फौजी, म्हणून गावाच्या नावातच 'सैनिक' लागलं. सकाळी पोचलो तेव्हा पोरं मैदानात भरतीची तयारी करत धावत होती. त्यांच्याकडे बघताना मला १९१४ आठवत होतं. ६ नोव्हेंबरला आजच्या इराकमध्ये, शत-अल-अरब नदीच्या तोंडाशी फाओला ब्रिटिशांची जी पहिली तुकडी समुद्रातून उतरली त्यात ११७ वी मराठा पलटण होती. मग बसरा, मग कुतचा वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती आणि मरणाची कैद. विसाव्या शतकातल्या समुद्रावरच्या चढायांना आपल्या भागातल्या घरांनी माणसं देणं तिथून सुरू झालं, तीस वर्षांनी अराकान आणि मोरीब.

पारावर एक निवृत्त हवालदार भेटले. पंच्याहत्तरीचे, ताठ, डोक्याला पटका. फौजेत ड्रायव्हर होते. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा पुसून, बोट ठेवत, मोठ्याने यादी वाचली. पोरं धावणं थांबवून गोळा झाली. चौथ्या ओळीनंतर बोट डागावर थांबलं.

मी म्हटलं, "रात्रभर विचार केला, दादा. डिपस्टिकची नळी असेल, किंवा गियरबॉक्सचं झाकण."

"न्हाई," ते म्हणाले. "डिझेलची, पेट्रोलची टाकी. तिच्या टोपनाला बारीक भोक आसतंय, टाकी त्यातनं श्वास घेती. बुजवलं तर तेल पुढं जात न्हाई, उघडं सोडलं तर पानी आत. मग तितं बारकी नळी लावायची आनि ती बी वर न्ह्यायची. आमी नदी वलांडताना आसंच करायचो. तुमचं आजोबा ह्ये इसरतील व्हय?"

त्यांनी पोराकडून पेन्सिल मागून घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी डागाच्या बाजूला, समासात, सावकाश लिहिलं: टाकीच्या टोपणास नळी.